घड्याळवाल्याची कविता आणि भोंगा

…तर तिन्ही गजर एकदम वाजायला लागले, आणि त्या गलक्याच्या वरताण आवाज काढून घड्याळवाला ओरडला, "थांब जराशी!"

शेजारची झेरॉक्सवाली हातातले कागद तसेच टाकून धावत आली. तिला वाटलं, काका कोणाशी तरी हातघाईवर आले. येऊन बघते तर दुकानात काळं कुत्रं नाही. काउंटरवर गजराची तीन घड्याळं थयथयाट करतायत आणि मागं काका लालबुंद होऊन उभे.

"काका, भांडताय कोणाशी?"

"भांडत नाही गं. कविता म्हणतोय."

"अशी?"

"मोठ्यानं म्हणायची सवय करतोय."

झेरॉक्सवालीनं एकेका घड्याळाचं डोकं दाबून ती गप्प केली आणि म्हणाली, "ही काकूंवरची कविता ना? मग अशी घरी म्हणू नका बरं. काकू माहेरी जातील."

काल इथवर आलो आणि हसण्यात पुढचं राहून गेलं. हा गृहस्थ कोण, आणि भर दुपारी घड्याळांशी आवाजाची पैज लावायची पाळी त्याच्यावर का आली, ते सांगायलाच हवं.

घड्याळवाला काही नावाजलेला कवी नव्हे. दीड दाराचं दुकान, ह्या कामात चाळीस वर्षं. एका डोळ्याला भिंग, हातात चिमटा, समोर काचेवर उघडं पडलेलं मनगटी घड्याळ. घड्याळात एक चाक असतं, ते सारखं इकडून तिकडे झुलतं, आणि त्याला केसाहून बारीक स्प्रिंग असते. ते चाक जागी बसवताना माणसानं श्वास घेतला तरी बिघडतं. म्हणून हा श्वास धरायचा. पाच मोजेपर्यंत, दहा मोजेपर्यंत, कधी पंधरा. चाक बसलं, झुलायला लागलं, की मग सोडायचा.

त्याच्या कविता तिथंच व्हायच्या, त्या धरलेल्या श्वासात. एक श्वास, एक ओळ. श्वास संपला की ओळ संपली, पुढचं पुढच्या चाकाला. त्यामुळे त्याची ओळ कधी लांबली नाही, आणि आठवड्यात घड्याळं कमी आली की कवितासुद्धा तोकडीच राहायची. कोणी विचारलंच तर म्हणायचा, "घड्याळ जुळवून झाल्यावर ताटलीत एक स्क्रू उरला, तर समजायचं आपण चुकलो. कवितेत एक शब्द उरला तरी तेच." एवढंच त्याचं काव्यशास्त्र. शाळा सातवीपर्यंत.

आता ती कविता. लग्न झालं तेव्हा दोघांना एकच खोली होती आणि खोलीत एकच टेबल. टेबलाच्या या टोकाला ह्याची घड्याळं, त्या टोकाला तिचा स्टोव्ह. टेबलाचा एक पाय आखूड. तिकडे कालथा जरा जोरात फिरला की इकडे चाक सरकलंच म्हणून समजा. पहिल्या आठवड्यात दोनदा स्प्रिंग गेली. ह्यानं नवी बसवली. पण तिसऱ्या वेळी ह्यानं श्वास धरला, आणि त्या टोकाचे सगळे आवाज थांबले. ती हातात चमचा घेऊन जिथल्या तिथं उभी राहिली होती. कोणी शिकवलं नाही, कोणी सांगितलं नाही. ह्याचा श्वास सुटला तशी ती हलली. ते पुढं सात वर्षं, दुकान मिळेपर्यंत, रोज चाललं.

त्यावर ह्यानं खूप उशिरा, म्हातारपणाच्या उंबरठ्यावर, सहा ओळी लिहिल्या.

बारीक चाकापाशी मी श्वास धरला
आणि तुझ्या हातातला चमचा हवेत थांबला
एवढ्याशा टेबलावर
दोघांचं थांबणं मावलं कसं?

थांब जराशी
अजून चाक फिरायचं आहे

चौथ्या ओळीनंतर मोकळी जागा आहे ना, तिच्यावर त्याचा फार जीव. म्हणायचा, "तिथं श्वास धरायचा असतो. ती ओळच आहे, फक्त तिच्यात शब्द नाहीत."

आणि ज्या वर्षी ही कविता झाली, नेमकं त्याच वर्षी तिला ऐकू येईनासं व्हायला लागलं. आधी दारावरची घंटा गेली, मग कुकरची शिट्टी, मग ह्याचा आवाज. ह्याचा आवाज मुळातच पोटातल्या पोटात. जन्मभर एका डोळ्यानं चाकात बघत बोललेला माणूस, मोठ्यानं बोलेल कशाला? कानाचं यंत्र आणलं. तिनं दोन दिवस लावलं आणि काढून ठेवलं. "ह्यात भांड्यांचे आवाज येतात, पंख्याचा येतो, आणि तुम्ही बाटलीत माशी अडकल्यासारखे गुणगुणता," म्हणाली.

कागदावर लिहून दिली. तिला वाचता यायचं, पण बोट ठेवून, एकेक शब्द. दुसऱ्या ओळीवर बोट गेलं की पहिली ओळ विसरलेली. सगळी वाचून तिनं कागदाची नीट घडी केली आणि विचारलं, "बरं. मग चमचा आणायचाय का नवा?"

ह्याला हसावं की रडावं कळेना.

कानाच्या डॉक्टरनं सरळ सांगून टाकलं होतं. उरलंसुरलं ऐकणं वर्षभर टिकेल, फार तर दीड वर्ष. म्हणजे ती कविता तिच्या कानात पडायची तर एवढ्याच दिवसांत. ह्याला दुसरं काही नको होतं. पुस्तक नको, शाल नको, टाळ्या नकोत. सहा ओळी, ह्याच्या तोंडून, तिच्या कानात. एकदा.

पण तिला ज्या एकाच माणसाचं बोलणं अजून स्वच्छ ऐकू यायचं, तो होता तिचा धाकटा भाऊ. भोंगा.

भोंगा बसस्थानकावर गाड्या पुकारायचा. तीस वर्षं काचेच्या खोलीत बसून, तोंडासमोर माइक. त्याचा आवाज असा की घरात "चहा टाक" म्हणाला तर दोन घरं पलीकडे आधण चढावं. प्रत्येक गोष्ट दोनदा सांगायची हाडीमाशी खिळलेली सवय. "ताई, येतो. ताई, येतो." आणि दुसरी सवय त्याहून वाईट. माइक चालू असताना त्याला शांतता सोसायची नाही. त्याच्या धंद्यात माइक गप्प झाला की लोकांना वाटतं गाडी रद्द झाली. माणसं उठून खिडकीवर धावतात, शिव्या देतात. म्हणून सांगण्यासारखं काही नसलं तरी तो काहीतरी सांगत राहायचा.

त्यानं एकदा दुकानात बसल्या बसल्या ती कविता वाचली, पाठ केली, आणि दुसऱ्या दिवशी स्थानकावरच्या कोणाच्या तरी निरोपसमारंभात म्हणून टाकली. आपल्या पद्धतीनं. "चमचा थांबला, चमचा थांबला हवेत!" मोकळी जागा आली तिथं भोंग्याचा जीव घाबरा झाला, म्हणून त्यानं घातलं, "प्रवाशांनी आपापलं सामान सांभाळावं!" आणि पुढं "थांब जराशी, थांब जराशी" म्हटल्याबरोबर मागून एक चालक ओरडला, "गाडी सुटली!" जो काही हशा पिकला म्हणता! तेव्हापासून ती कविता म्हणजे स्थानकाचा हुकमी खेळ. लग्न असो, बढती असो, भोंग्याला उभं करायचं, आणि शेवटी शंभर माणसांनी एका सुरात ओरडायचं, गाडी सुटली.

घड्याळवाल्यानं पहिल्यांदा ते ऐकलं तेव्हा त्यानं मेव्हण्याला गाठलं. म्हणाला, "अरे, ती मोकळी जागा तरी मोकळी ठेव."

"भाऊजी, रागावू नका. रागावू नका. पण मोकळ्या जागेत लोक खोकतात."

"खोकू देत की."

"तुमची कविता खिशात होती. मी तिला फलाटावर आणली. आता चारशे माणसांना पाठ आहे. तुमच्या त्या दुसऱ्या कविता कोणाला पाठ आहेत? तुम्हाला तरी आहेत का?"

 खरं सांगायचं तर ह्याला त्या पाठ नव्हत्याच.

आणि दुखणं एवढंच असतं तरी गिळलं असतं. पण बायकोनंसुद्धा ती भोंग्याच्याच तोंडून ऐकली होती. पोट धरून हसली होती. घरी येताना कौतुकानं म्हणाली, "तुम्ही विनोदी लिहिता हे मला ठाऊकच नव्हतं!"

म्हणून ती तीन गजरांशी कुस्ती. महिनाभर चालली. आवाज थोडा चढला, नाही असं नाही. मग एका सकाळी, ती कणीक मळत असताना, ह्यानं तिच्या समोर उभं राहून, पोटातून जोर लावून म्हटली. पहिल्या चार ओळी कशाबशा गेल्या. मग श्वास धरला, सोडला, आणि गर्जना केली, "थांब जराशी!"

तिचे हात परातीतच राहिले.

"थांबलेच आहे की! ओरडता कशाला? मी काय केलं?"

"तसं नाही गं…"

"आज सकाळपासून बघतेय, तोंड वाकडंच आहे तुमचं. भाजीत मीठ कमी असेल तर सांगा ना सरळ."

हळू म्हटली तर ऐकू येत नाही, आणि ऐकू येईल अशी म्हटली तर ती कविताच राहत नाही, भांडण होतं. ज्या शब्दांचा जन्म श्वास रोखून झाला, ते घसा फाडून कसे म्हणणार? झेरॉक्सवालीला तो म्हणाला, "मी नाजूक घड्याळ बनवलं आणि आता ते हातोड्यानं चालवायचं आहे."

झेरॉक्सवाली व्यवहारी बाई. ती म्हणाली, "काका, घसा कशाला फाडता? माइक कशासाठी असतो? हळू बोला, तो मोठं करेल."

ही गोष्ट ह्याच्या चाळीस वर्षांत डोक्यात आली नव्हती.

माइक कुठं मिळणार? भोंग्याकडेच. स्थानकाच्या कँटीनमध्ये वर्षाचा मेळावा होता, रविवारी दुपारी. भोंगा खूश झाला. "या भाऊजी, या! पहिला नंबर तुमचा." ह्यानं तिला सकाळपासून विनवून यंत्र कानात घालायला लावलं. पहिल्या रांगेत, बरोबर कर्ण्यासमोर खुर्ची धरून ठेवली. इस्त्रीचा सदरा घातला. काचेवरच्या एका घड्याळाचं काम अर्धवट टाकून आला होता, जे त्यानं कधीच केलं नव्हतं.

माइकसमोर उभा राहिला तेव्हा कँटीनमध्ये दोनशे माणसं, ताटांचा खणखणाट, कोपऱ्यात चहाचं पातेलं. पहिली ओळ म्हटली.

"आवाज!" मागून कोणीतरी.

ह्यानं तोंड माइकच्या जवळ नेलं. माइक शिट्टी मारून किंचाळला. तिनं दचकून कानातलं यंत्रच काढलं आणि पदराखाली धरलं. ह्यानं ते पाहिलं. आता माइकचा काय उपयोग? ह्यानं जोर लावला, दुसरी ओळ ओरडून म्हटली.

"अहो, चमचा थांबला म्हणून तिला मारताय काय!" एक वाहक म्हणाला, आणि सगळे हसले.

ती आजूबाजूला बघत होती. ऐकू न येणारी माणसं दुसऱ्यांच्या तोंडावरून वाचतात. शेजारची हसली, म्हणून ती हसली. ह्याच्याकडे बघून, मान हलवून, छान चाललंय अशा अर्थानं हसली.

ते हसू बघून ह्याचं सगळं अवसानच गळालं. तिसरी ओळ आठवेना. लोक आता शेवटाची वाट बघत होते, कोणी कोणी "गाडी, गाडी" म्हणत टेबलं बडवायला लागले. ह्यानं हात हलवून भोंग्याला जवळ बोलावलं.

"तू म्हण," ह्यानं त्याच्या कानात सांगितलं. "मी हळू सांगतो, ते तू तसंच म्हण. दोनदा नाही. सामान नाही. एक शब्द जास्त नाही."

"ताईची शपथ," भोंगा म्हणाला. एकदाच म्हणाला.

आणि खरंच तसं झालं. हा कानात पुटपुटायचा, भोंगा म्हणायचा, आणि तो आवाज कर्ण्याची वाट न बघता, नुसत्या गळ्यातून, सरळ तिच्यापर्यंत जायचा. ती पुढं झुकली. बारीक चाकापाशी मी श्वास धरला. ती ऐकत होती. चमचा हवेत थांबला. तिचं हसू हळूहळू उतरलं. दोघांचं थांबणं मावलं कसं? टेबलं बडवणारे हातसुद्धा थबकले, कारण ही त्यांच्या ओळखीची कविता नव्हती.

मग मोकळी जागा आली.

ह्यानं डोळे मिटले आणि श्वास धरला, चाळीस वर्षं धरत आला तसा. एक, दोन, तीन. ती ओळ चालू होती. भोंगा वाट बघत होता. ह्याच्या तोंडाकडे बघायचा, माइककडे बघायचा. चार, पाच. कोणीतरी खोकलं. भोंग्याच्या कपाळावर घाम आला. एक पाय उचलायचा, दुसरा उचलायचा. सहा, सात. तीस वर्षांत ह्या माणसानं चालू माइकसमोर एवढी शांतता कधी सोसली नव्हती. शपथ घशात धरून तो उभा होता. आठ. नऊ.

आणि मग त्याचं तोंड उघडलंच.

"दूध उतू गेलं, तरी तू हलली नाहीस."

घड्याळवाल्याचा श्वास सुटला. त्यानं डोळे उघडले. लोक हसले नाहीत. काय झालं तेच कोणाला कळलं नाही. भोंगा स्वतःच घाबरून माइक हातानं झाकून उभा होता.

"हे कुठून आणलंस?"

"भाऊजी, चुकलो. चुकलो. पण आणलं नाही, झालं होतं ते," भोंगा आयुष्यात पहिल्यांदा हळू बोलत होता. "मी नोकरीच्या मुलाखतीला आलो होतो, तुमच्याकडे उतरलो होतो. ट्रंकेवर बसलो होतो. तुम्ही चाक बसवत होता. दूध वर आलं, उतू गेलं, टेबलावरून खाली सांडायला लागलं. ताईच्या पायावर आलं. गरम. ती हलली नाही. मी उठायला लागलो तर मलाही डोळ्यांनी दटावलं. तुमचं झाल्यावर तिनं फडकं घेतलं. तुम्हाला माहीत नाही?"

माहीत कसं असणार? एका डोळ्याला भिंग, दुसरा मिटलेला. सहा ओळींची कविता, तिच्यात एक शब्द जास्त नको म्हणून तीन वर्षं घासलेली, आणि जी ओळ हवी होती ती ह्यानं पाहिलीच नव्हती. जी ह्यानं रिकामी सोडली होती आणि जिच्यावर एवढा जीव लावला होता, त्या जागेत ते सगळं दूध होतं.

ह्यानं तिच्याकडे पाहिलं. ती उठून उभी होती. तोंडावर हात. डोळे भरलेले. बहिऱ्या माणसाला आपला आवाज किती मोठा होतो त्याचा अंदाज राहत नाही, तशी ती सगळ्या कँटीनला ऐकू जाईल अशी म्हणाली, "अहो, तुम्ही पाहिलं होतं? इतकी वर्षं मला वाटत होतं, तुमचं लक्षच नव्हतं! मी कधी बोलले नाही, पण वाटायचं हो!"

घड्याळवाला माइक सोडून पुढं आला. तिच्या समोर उभा राहिला आणि त्यानं खरं तेच सांगितलं. आपल्या नेहमीच्या, पोटातल्या आवाजात. "नाही गं. मी नव्हतं पाहिलं. तुझ्या भावानं पाहिलं होतं. मला आत्ता कळलं."

ती त्याच्या ओठांकडे बघत राहिली. यंत्र पदराखाली मुठीत होतं. तिनं दुसरा हात कानामागं धरला.

"काय म्हणालात? मोठ्यानं सांगा ना. पाहिलं होतं ना?"

दोनशे माणसं गप्प होती. भोंगासुद्धा. तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते त्यानं लग्नानंतर कधी पाहिलं नव्हतं, आणि खरं पुन्हा सांगायचं तर आता ते ओरडूनच सांगावं लागणार होतं, सगळ्यांदेखत, तिच्या तोंडावर. त्यानं छाती भरून श्वास घेतला. तो धरला नाही. गजराची तिन्ही घड्याळं वाजत असती तरी ऐकू आलं असतं, असा आवाज त्या माणसाच्या पोटातून निघाला.

"हो! पाहिलं होतं! पण हात मोकळा नव्हता गं माझा!"